दीर्घिकांची खतावणी

बोईसर-तारापूरच्या रात्रीत अंधार फारसा उरलेला नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे दिवे, रस्त्यांवरचे दिवे आणि समुद्राकडून येणारी दमट हवा यांच्यामधून वर पाहिले तर मोजकेच तारे दृष्टीस पडतात. सफाळे, वाणगाव या बाजूस गावाबाहेर गेल्यावर काही अधिक दिसतात; पण तेथेही पावसाळ्यात आकाश ढगांच्याच ताब्यात असते. अशा भागात राहणाऱ्या, आयुष्यभर दुकान सांभाळलेल्या गृहस्थाने खगोलशास्त्राला हातभार लावावा, असे कोणी म्हटले तर ती थट्टा वाटेल. परंतु २००७ सालापासून जगभरातील लक्षावधी सामान्य माणसे नेमके हेच करीत आहेत. त्यांच्याजवळ दुर्बीण नाही, विज्ञानाची पदवी असतेच असे नाही. घरातील संगणक किंवा हातातील मोबाइल, थोडा निवांत वेळ आणि प्रामाणिक नजर एवढेच त्यांचे भांडवल आहे. या कामाला ‘लोकविज्ञान’ अथवा ‘नागरिक विज्ञान’ असे नाव आहे. व्यापारी कुटुंबांना हे काम परके वाटण्याचे कारण नाही, कारण मुळात ते खतावणीचे काम आहे.

नोंदी झाल्या, खतावणी राहिली

आपला सूर्य हा आकाशगंगेतील एक सामान्य तारा होय. आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. ताऱ्यांच्या अशा प्रचंड समुदायास दीर्घिका म्हणतात आणि विश्वात अशा दीर्घिका अब्जावधी आहेत. त्यांची अंतरे प्रकाशवर्षांत मोजतात. प्रकाश एका वर्षात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो, ते एक प्रकाशवर्ष. काही दीर्घिका भोवऱ्यासारख्या, बाहेर वळणारे फाटे असलेल्या दिसतात. त्यांना सर्पिल दीर्घिका म्हणतात. काही गुळगुळीत, अंड्याच्या आकाराच्या असतात, त्या लंबवर्तुळाकार. काही एकमेकींवर आदळून विस्कटलेल्या असतात. हा आकार म्हणजे त्या दीर्घिकेच्या पूर्वायुष्याचा दाखला असतो. ती शांतपणे वाढली की दुसरीशी टक्कर होऊन वाढली, तिच्यात नवे तारे जन्मत आहेत की ते काम थांबले आहे, याचा बराचसा अंदाज आकारावरून बांधता येतो.

अडचण संख्येची होती. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात असलेल्या स्लोन सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आकाशाची पद्धतशीर छायाचित्रे घेण्यास आरंभ केला आणि काही वर्षांतच सुमारे दहा लाख दीर्घिकांची चित्रे जमा झाली. दुकानातील परिस्थितीशी याची तुलना सहज करता येईल. रोजकीर्दीत नोंदी भराभर चढत आहेत, पण खतावणी करण्यास मनुष्यबळ नाही. खतावणी झाल्याखेरीज कोणाकडून किती येणे आणि कोणास किती देणे हे कळत नाही. नोंदी असूनही हिशेब हाती लागत नाही. खगोलशास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील केव्हिन शाविन्स्की या तरुण संशोधकाने एका आठवड्यात सुमारे ५०,००० दीर्घिका डोळ्यांनी पाहून त्यांची वर्गवारी केली. त्यानंतर हे एकट्याचे काम नव्हे, हे त्याला कळून चुकले. संगणकावर काम सोपवावे तर त्या काळचे संगणक आकार ओळखण्यात वारंवार चुकत. ते रंगाकडे पाहून अंदाज बांधत, आणि रंगावरून आकार ठरवणे म्हणजे वेष्टनावरून माल ठरवणे होय. अखेर शाविन्स्की, ख्रिस लिंटॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २००७ मध्ये ही चित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. उपक्रमाचे नाव ‘गॅलॅक्सी झू’, म्हणजे दीर्घिकांचे प्राणिसंग्रहालय. चित्र पाहावे आणि सहा बटनांपैकी एक दाबावे, एवढेच काम होते. लंबवर्तुळाकार, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी सर्पिल, उलट दिशेने फिरणारी सर्पिल, कडेने दिसणारी, दोन दीर्घिकांची टक्कर, आणि सहावे बटन ‘तारा किंवा सांगता येत नाही’.

चोवीस तासांच्या आत ताशी सुमारे ७०,००० नोंदी येऊ लागल्या. पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख लोकांनी मिळून पाच कोटींहून अधिक नोंदी केल्या. एकेका दीर्घिकेवर सरासरी तीसहून अधिक माणसांचे मत नोंदले गेले.

मतांची मोजणी आणि मोजणीची तपासणी

येथे कोणाही जाणत्या व्यापाऱ्याच्या मनात शंका येईल. रस्त्यावरच्या कोणाही माणसाच्या मतावर शास्त्र कसे उभे राहील? ही शंका रास्त आहे आणि या उपक्रमाचे खरे मोल तिच्या उत्तरातच आहे.

पहिली गोष्ट अशी की प्रत्येक मत स्वतंत्र असे. चित्र पाहणाऱ्याला आधीच्या माणसाने काय उत्तर दिले ते दाखवीत नसत. त्यामुळे एकाने म्हटले म्हणून दुसऱ्याने री ओढली, असे होण्यास वाव नव्हता. दुसरी गोष्ट, सर्वांच्या मताचे वजन सारखे धरले गेले नाही. ज्याची उत्तरे सामान्यतः इतरांशी जुळत, त्याच्या मताला अधिक वजन मिळे. जो वाटेल तसे बटन दाबी, त्याचे वजन आपोआप घटे. तिसरी गोष्ट, निकाल सांगताना केवळ ‘सर्पिल’ एवढेच लिहून ठेवले नाही. शंभरांत किती जणांनी सर्पिल म्हटले आणि किती जणांनी अन्य काही, हे प्रमाणही नोंदवहीत राहिले. ज्या दीर्घिकेविषयी मते दुभंगली, ती दुभंगलेलीच नोंदली गेली. संशय लपवून ताळा जमवण्याचा प्रयत्न झाला नाही.

याचा कस एका प्रसंगी लागला. मोजणीअखेर असे दिसले की घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिका काहीशा अधिक भरत आहेत. हे खरे असते तर फार मोठी गोष्ट झाली असती, कारण विश्वाने एखादी दिशा पसंत करावी याला सरळ कारण दिसत नाही. घाईने जाहीर करावे असा हा मोह होता. शास्त्रज्ञांनी तसे केले नाही. त्यांनी काही चित्रे आरशात दिसावीत तशी उलटवून, सांगितल्याविना, स्वयंसेवकांपुढे ठेवली. आकाशात खरोखर उलट्या दिशेच्या दीर्घिका अधिक असत्या, तर चित्रे उलटवल्यावर सुलट्या दिशेच्या अधिक भरल्या असत्या. तसे झाले नाही. उलट्या दिशेचीच मते पुन्हा अधिक आली. म्हणजे फरक आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांच्या कलात होता. लाखभर माणसे प्रामाणिक असली तरी सर्वांचा कल एकाच बाजूस किंचित झुकलेला असू शकतो, आणि अशा वेळी माणसे वाढवून चूक कमी होत नाही. तराजू मुळात एका अंगास झुकलेला असेल तर हजार वेळा तोलूनही वजन खरे येत नाही; पारडी बदलून पाहावी लागतात. येथे पारडी बदलून पाहिली गेली आणि निष्कर्ष दुरुस्त झाला.

मोजणीतून जे निष्पन्न झाले त्यात काही अनपेक्षित होते. लंबवर्तुळाकार दीर्घिका लालसर आणि सर्पिल दीर्घिका निळसर, असा सर्वसाधारण समज होता. निळा रंग नव्या ताऱ्यांचा आणि लाल रंग जुन्यांचा. स्वयंसेवकांनी रंगाकडे न पाहता आकार सांगितल्यामुळे निळ्या लंबवर्तुळाकार आणि लाल सर्पिल दीर्घिकाही लक्षणीय संख्येने असल्याचे उघड झाले. रंग आणि आकार ही दोन वेगळी खाती आहेत, ती एकात एक मिसळू नयेत, हे त्यातून निश्चित झाले.

‘हे काय आहे?’

ऑगस्ट २००७ मध्ये हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधील शिक्षिका चित्रे पाहत असताना एका दीर्घिकेच्या खाली त्यांना विचित्र डाग दिसला. सहा बटनांपैकी कोणतेच त्याला लागू नव्हते. त्यांनी तो सोडून दिला असता तरी कोणाला कळले नसते. त्यांनी शास्त्रज्ञांना साधा प्रश्न विचारला की हे काय आहे. शास्त्रज्ञांनाही ते ठाऊक नव्हते.

पुढे मोठमोठ्या दुर्बिणी त्या डागाकडे वळल्या. सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर असलेला तो वायूचा प्रचंड ढग होता. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराभोवती एके काळी अतिप्रखर प्रकाश निर्माण होत होता. तो दिवा पुढे मंदावला. परंतु त्या काळी निघालेल्या प्रारणाने उजळलेला ढग आपल्याला अजून उजळलेलाच दिसतो. दिवा विझला, पण दूरच्या भिंतीवरचा उजेड अद्याप डोळ्यांपर्यंत पोहोचत आहे, असा हा प्रकार. त्या वस्तूला आज ‘हॅनीज व्होरवेर्प’ म्हणतात. डच भाषेत व्होरवेर्प म्हणजे वस्तू.

दुसरे उदाहरण ‘हिरव्या वाटाण्यांचे’. काही स्वयंसेवकांना चित्रांत वारंवार बारीक, गोल, हिरवे ठिपके दिसू लागले. त्यांनी ते गोळा करून ठेवले. त्या लहानशा, पण अतिशय वेगाने नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिका निघाल्या आणि २००९ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शास्त्रात त्यांचे नाव ‘ग्रीन पीज’ असेच रूढ आहे. चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्यांनाही हे वाटाणे निःशंकपणे चालतील!

या दोन्ही घटनांत साम्य आहे. पाहणाऱ्याने ज्ञान असल्याचा आव आणला नाही. जे खात्यात बसत नाही ते बळेच कोठे तरी बसवले नाही. हिशेबात न जुळणारी रक्कम ‘किरकोळ’ खाती टाकून मोकळे होणारा कारकून आणि ती वेगळी काढून मालकापुढे ठेवणारा कारकून यांतील अंतर प्रत्येक पेढीला ठाऊक असते.

महाराष्ट्रातील नजर

हे सारे परदेशातच घडते असे नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. दीर्घिकांमधून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली ती संस्था अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे, आणि १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुवीज केंद्रही याच विभागाच्या अखत्यारीतील आहे. तारापूर आणि खोडद यांचे असे दूरचे नाते आहे.

याच विभागाने आणि मुंबई विद्यापीठाने मिळून सांताक्रूझजवळील कलिना परिसरात मूलभूत विज्ञानाचे एक केंद्र चालवले आहे. तेथील खगोलशास्त्रज्ञ डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम सुरू केला. विज्ञान किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या, पण संशोधन संस्थेपर्यंत पोहोचू न शकलेल्या तरुणांना घरबसल्या प्रत्यक्ष संशोधनात सामावून घेणे हा त्यामागचा हेतू. एकाच दीर्घिकेची रेडिओ लहरींतील, अवरक्त किरणांतील आणि दृश्य प्रकाशातील चित्रे एकावर एक ठेवून वेगळे काही दिसते का, हे पाहण्याचे प्रशिक्षण त्यांना दिले जाते.

या उपक्रमाची फळे सावकाश आली, पण आली. दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवरापासून सामान्यतः दोन विरुद्ध दिशांना द्रव्याचे झोत निघतात. ‘रॅड १२’ या दीर्घिकेत मात्र झोत एकाच बाजूला, शेजारच्या दीर्घिकेच्या दिशेने गेलेला आणि तिच्यावर आदळून छत्रीसारखा पसरलेला आढळला. तिचे वेगळेपण २०१३ मध्येच लक्षात आले होते. जीएमआरटीच्या निरीक्षणांनी खात्री होऊन शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे ही नोंद कोणी वाऱ्यावर सोडली नाही. त्यानंतर २०२५ मध्ये याच उपक्रमातून एकमेकांत गुंतलेल्या दोन प्रचंड रेडिओ वलयांचा शोध जाहीर झाला. युरोपातील ‘लोफार’ दुर्बिणीच्या चित्रांत ती भारतीय स्वयंसेवकांच्या नजरेस पडली. त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय आजच्या सुमारे निम्मे होते.

पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेशी संबंधित खगोलशास्त्रज्ञ डॉ. अनुप्रीता मोरे या ‘स्पेस वॉर्प्स’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या प्रमुखांपैकी एक आहेत. एखाद्या जड दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तिच्या मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वळतो आणि आपल्याला कमानी किंवा वलये दिसतात. यास गुरुत्वीय भिंग म्हणतात. त्यावरून डोळ्यांना न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचेही वजन काढता येते. अशी भिंगे फार दुर्मिळ. २०१३ मध्ये आरंभ झालेल्या पहिल्या फेरीत सुमारे ३७,००० स्वयंसेवकांनी १ कोटी १० लाखांच्या आसपास नोंदी केल्या. संगणकांनी आधीच चाळून झालेल्या त्याच चित्रांतून त्यांनी २९ नवी आशादायक भिंगे शोधून काढली. या उपक्रमात खऱ्या चित्रांमध्ये अधूनमधून कृत्रिम भिंगेही मिसळलेली असत. ते ओळखले की तत्काळ तसे सांगितले जाई, निसटले तरी सांगितले जाई. त्यामुळे शिकणेही होई आणि प्रत्येकाच्या नजरेचे वजनही ठरे.

वर्गीकरणाची आपली परंपरा

पाहणे, मोजणे आणि वर्ग पाडणे हे जैन परंपरेला नवे नाही. जीवांचे एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे वर्गीकरण घरातील लहान मुलालाही पाठशाळेत शिकवले जाते. संख्येचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आपल्या आचार्यांनी केले. आगमांत सूर्यप्रज्ञप्ती आणि चंद्रप्रज्ञप्ती हे ग्रंथ आहेत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. विज्ञानाकडून शास्त्राची साक्ष काढण्याचा येथे हेतू नाही. दोहोंची क्षेत्रे आणि प्रमाणे भिन्न आहेत. एवढेच म्हणावयाचे की काळजीपूर्वक भेद करण्याची सवय या समाजात जुनी आहे.

अनेकांतवादाचे नाव येथे सहज ओठांवर येते, पण तेही जपून घ्यावे. अनेकांत म्हणजे बहुमत नव्हे. दहांनी एक म्हटले आणि दोघांनी दुसरे म्हटले म्हणून दोघे खोटे, असे अनेकांत सांगत नाही. कोणत्या अपेक्षेने ते तसे म्हणतात हे पाहा, असे सांगतो. दीर्घिकांच्या नोंदवहीत अल्पमत पुसून टाकले गेले नाही आणि ‘सांगता येत नाही’ हेही उत्तर मानले गेले, या दोन गोष्टी त्या वृत्तीच्या जवळच्या आहेत.

यात मिळते काय?

व्यापारी घरात हा प्रश्न विचारला जाणारच, आणि त्याचे उत्तर सरळ द्यावे. पैसा मिळत नाही. नावही बहुधा मिळत नाही. हॅनी व्हान आर्केल लाखांत एखादी. समोर येणारी बहुतेक चित्रे अंधुक आणि साधी असतात. शेकडो पाहिल्यावर एखादे देखणे निघते.

मग हे करावे कोणी? आपल्या भागातील पेढ्यांचा विचार केला तर उत्तर सापडते. वाडा कोलम म्हणून आलेल्या पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर पसरून त्यात दुसऱ्या जातीची मिसळ आहे का, हे सांगणारे धान्यव्यापारी पालघर जिल्ह्यात आहेत. कापडाला नुसता हात लावून सुताचा अंदाज करणारे आहेत. ही नजर तीस-चाळीस वर्षांच्या बैठकीतून येते. पुढे गादीवर मुलगा बसतो, बिले संगणकावर निघतात, मालाची नोंद यंत्र करते आणि ती तयार नजर बाजूच्या खुर्चीत बसून राहते. वयाची पासष्टी ओलांडलेल्या अनेकांना पैशाची विवंचना नसते. आपल्या पारखीची आता कोणाला गरज उरली नाही, ही विवंचना असते. ती बोलून दाखवली जात नाही, पण घरातील सुना-मुलांना ती दिसते. अशा नजरेला येथे खरे काम आहे.

आता यंत्रेच सर्व ओळखतील, मग माणसे कशाला, असेही विचारले जाईल. यंत्रे पूर्वीपेक्षा पुष्कळ शिकली, हे खरे. परंतु ती शिकली ती याच स्वयंसेवकांच्या नोंदींवर. ‘झूबॉट’ नावाची प्रणाली गॅलॅक्सी झूमधील माणसांच्या उत्तरांवरून तयार झाली. ज्या चित्रांविषयी यंत्राला खात्री नसते ती पुन्हा माणसांकडे पाठवण्याची पद्धतही अवलंबली गेली आहे. २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘युक्लिड’ दुर्बिणीच्या चित्रांसाठी २०२४ मध्ये पुन्हा स्वयंसेवकांनाच साद घातली गेली. नित्याचा माल यंत्राने चाळावा आणि वेगळा निघालेला माल जाणत्याने पाहावा, ही विभागणी दुकानदाराला नवी नाही.

जैन धर्मात आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्ञानदान म्हटले की आपण ग्रंथ छापतो, शाळेला देणगी देतो. ते उत्तमच आहे. परंतु तेथे पाटीवर नाव लागते. या कामात दिलेले मत शेकडो मतांत मिसळून जाते आणि त्याच्यावर कोणाचे नाव राहत नाही. ज्यांना गुप्तदानाची गोडी आहे त्यांना यातील समाधान वेगळे सांगावे लागणार नाही.

घरी आरंभ करताना

गॅलॅक्सी झू आणि तत्सम अनेक उपक्रम ‘झूनिव्हर्स’ या एकाच संकेतस्थळावर आहेत. तेथे शुल्क नाही. नाव न नोंदवताही चित्रे पाहता येतात. म्हणून एक खबरदारी आवर्जून घ्यावी. विज्ञानात सहभागाच्या नावाखाली कोणी नोंदणी शुल्क, बँक खात्याचा तपशील किंवा मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक मागत असेल, तर तो उपक्रम नव्हे, फसवणूक आहे. ताऱ्याला नातवंडाचे नाव देऊन प्रमाणपत्र विकणाऱ्यांचीही तीच गत. अशा नावांना आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेची मान्यता नसते.

सूचना बहुधा इंग्रजीत असतात. त्यामुळे नातवाने प्रश्न वाचावा, आजोबांनी किंवा आजींनी चित्र पाहून उत्तर द्यावे, अशी जोडी चांगली जमते. मुलांच्या हातातील मोबाइल काढून घेण्याचे भांडण रोजचे आहे. त्याच पडद्यावर दोघांनी मिळून काही पाहावे, हा त्याहून बरा मार्ग. मात्र दोघे वेगवेगळी नोंद करणार असतील तर आपले उत्तर देण्याआधी दुसऱ्याचे पाहू नये. मतभेद झाला तर तो मिटवण्याची घाई नको. शास्त्रज्ञांना तो मतभेदच हवा आहे. डोळे शिणले की थांबावे. एका सामायिकाइतका, म्हणजे ४८ मिनिटांचा, वेळ एका बैठकीला पुरेसा आहे. चौविहार करणाऱ्या घरांत सूर्यास्तानंतर स्वयंपाकघर बंद झाले की संध्याकाळचा काही वेळ हाती राहतो, तो यासाठी सोयीचा. ज्यांना आकाशात रस नाही त्यांच्यासाठी जंगलातील कॅमेऱ्यांनी टिपलेले प्राणी ओळखण्याचे उपक्रमही तेथे आहेत. जीवदयेची आवड असणाऱ्यांना ते अधिक भावतील.

पालघरमध्ये विज्ञान शाखेचे महाविद्यालय आहे आणि ते मुंबई विद्यापीठाशीच संलग्न आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ‘रॅड ॲट होम’ची माहिती अवश्य घ्यावी. विज्ञान शिकून शेवटी दुकानावरच बसायचे आहे, म्हणून संशोधनाचा विचार सोडणारी मुले आपल्या समाजात कमी नाहीत. दुकान सांभाळूनही संशोधनाशी नाते ठेवता येते, हे त्यांना घरातून कोणी तरी सांगावयास हवे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. एखाद्या वर्षी कुटुंबाने तेथे जाऊन त्या तबकड्या डोळ्यांनी पाहाव्यात.

कार्तिक शुद्ध पंचमीला बाजारात लाभपंचमी म्हणतात. दिवाळीनंतर दुकाने त्या दिवशी पुन्हा उघडतात आणि नव्या वहीत पहिली नोंद होते. तोच दिवस श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी म्हणून पाळला जातो आणि ग्रंथांची पूजा होते. दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी ज्येष्ठात येते. आपापल्या परंपरेच्या या दिवशी घरातील एका ज्येष्ठाने आणि एका मुलाने शेजारी बसून दहा दीर्घिका पाहाव्यात. कळले ते नोंदवावे, आणि कळले नाही तेथे ‘सांगता येत नाही’ एवढेच प्रामाणिकपणे लिहावे. त्या वहीत तेही जमेच्याच बाजूला धरले जाते.